लॉ करून लोकांसाठीच वकिली करायचीय, खान्देशात राहून जमतं का?

तोरणमाळवारा
नमस्कार मंडळी. मी बी.ए. एल.एल.बी.च्या चौथ्या वर्षाला आहे, धुळ्यात शिकते, घर शहादा तालुक्यात डोंगराच्या अंगाला. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वडिलांची थोडी नेवाड (म्हणजे वनखात्याच्या हद्दीत कसत आलेली) जमीन आहे, तिचा वनदावा मी शाळेत होते तेव्हापासून चालूच आहे, कधी म्हणतात फाइल तालुक्याला, कधी म्हणतात जिल्ह्याला.

काका म्हणतात जज हो, मामा म्हणतो सरकारी वकील हो म्हणजे पगार सुरू होईल. मला मात्र ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्यांची कामं करायचीत. वनहक्क, ऊसतोडीला गेलेल्यांचे अडकलेले पैसे, जामीन होऊनही जेलात बसलेली पोरं. कॉलेजात विचारलं की दोनच उत्तरं येतात, एक तर दिल्ली-मुंबईला एनजीओत जा, नाहीतर आधी स्वतःचं पोट भर मग समाजसेवा कर. मला इथंच राहायचंय. कोणी या वाटेनं गेलंय का? पहिली काही वर्षं कशी काढली? खरं खरं सांगा.

भरीतप्रेमी
पहिल्यांदा अभिनंदन घे ताई. माझ्या घरात कोणी वकील नाही त्यामुळे अक्कल शिकवत नाही, पण जळगावला आलीस तर भरीत-पुरी माझ्याकडून, आणि आमच्या बांधाची केस फुकट लढायची बरं का 😄

तापीकाठ
जळगाव कोर्टात वकिली करतो, दिवाणी-फौजदारी दोन्ही, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर पण आहे, म्हणून त्या बाजूचं सांगतो.

मोफत कायदेशीर मदत ही कोणाची मेहरबानी नाहीये. 42व्या घटनादुरुस्तीनं 1976 मध्ये कलम 39अ आलं, मग 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो 1995 च्या 9 नोव्हेंबरला लागू झाला. कलम 12 पाठ करून ठेव. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोणतीही बाई, लहान मूल, अपंग, कोठडीतला माणूस, कारखान्यातला कामगार, या सगळ्यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. म्हणजे तुझ्या तालुक्यातल्या बहुतेक घरांना मिळतो, फक्त त्यांना ते कोणी सांगितलेलं नसतं.

आता करिअर म्हणून. पॅनेलवर यायला साधारण तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते आणि फी कमी असते, तीही उशिरा येते, त्यावर घर चालवायचा विचार करू नको. पण नालसानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) 2022 मध्ये लीगल एड डिफेन्स कौन्सिलची योजना आणली, ती तुझ्यासारखीनं नीट वाचावी. सरकारी वकिलाचं जसं ऑफिस असतं तसं आरोपीच्या बाजूचं ऑफिस. चीफला 10 वर्षांचा फौजदारी अनुभव, डेप्युटीला 7, आणि असिस्टंट म्हणून शून्य ते तीन वर्षांवाले पण चालतात. महिन्याचं ठरलेलं मानधन मिळतं, बाहेरची प्रॅक्टिस करता येत नाही, कंत्राटी असतं, सुरुवातीला दोन वर्षांचं. जाहिरात जिल्हा प्राधिकरणाच्या ऑफिसात लागते. फक्त फौजदारी कामं असतात, पण दोन वर्षांत जेवढे उलटतपास तिथं करायला मिळतील तेवढे सीनियरच्या मागं बॅग धरून दहा वर्षांत मिळत नाहीत.

स्पष्टवक्ता_धुळे
मी जरा कडू बोलतो. जनहित याचिका वगैरे ऐकायला फार छान वाटतं पण ते करिअर नाही. आपले तिन्ही जिल्हे हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, एक याचिका टाकायची म्हणजे कागद जमवा, तिकडचा वकील धरा, तारखेला जा-ये करा, आणि शेवटी कोर्ट म्हणणार सरकारनं तीन महिन्यांत निर्णय घ्यावा. निर्णय घेतात, नामंजूर. परत पहिल्यापासून. गरीब घरातल्या पोरीनं या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोटार अपघात क्लेम शिक, दिवाणी दावे शिक, हातात पैसा आला की काय करायचं ते कर. अडवणार कोण?

नंदुरबारी_वकील
@स्पष्टवक्ता, हायकोर्टाचं अर्धं पटलं. पण तुम्ही लोकहिताची वकिली म्हणजे याचिका एवढंच धरलंय. आमच्याकडचं निम्मं काम कोर्टाच्या दारातच जात नाही, ते प्रांत ऑफिसात आणि ग्रामसभेत होतं. वनदाव्याचंच घ्या.

2006 चा वनहक्क कायदा. आदिवासीला एवढंच दाखवायचंय की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतोय. दावा ग्रामसभेत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. माझ्याकडे तळोदा भागातला एक म्हातारा आला होता, प्लास्टिकच्या पिशवीत कागद, वर रबरबँड. नामंजुरीचं पत्र एका ओळीचं, 'पुराव्याअभावी दावा अमान्य'. पिशवीत काय काय होतं? वनखात्याची जुनी दंडाची पावती, त्यावर साल आणि कंपार्टमेंट नंबर. अहो ही पावतीच पुरावा! अतिक्रमण केलं म्हणून दंड केला, म्हणजे त्या साली माणूस तिथं होता हे खात्यानंच लिहून दिलं की. आणि नियम 13 मध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, दावेदार सोडून दुसऱ्याचा, लेखी घेतलेला, हाही पुरावा धरलाय. नियम 12अ सांगतो की नामंजुरी कारणासकट त्या माणसाला कळवली पाहिजे, आणि वरच्या समितीकडे जायला 60 दिवस. सॅटेलाइटचा नकाशा जोडीला चालतो, पण नकाशात दिसत नाही म्हणून बाकी पुरावा उडवता येत नाही.

दोन म्हाताऱ्यांचे जबाब मी झाडाखाली बसून लिहून घेतले, नाला कुठं, बांध कोणी घातला, मोहाचं झाड कोणाचं, सगळं. पावतीची साक्षांकित प्रत जोडली आणि अपील टाकलं. दावा फेरतपासणीला गेला, मोजणी झाली, मंजूर झाला. यात हायकोर्ट नाही, काळा कोट पण नाही. आपल्या अनुसूचित क्षेत्रासाठी 2020 ला राज्यपालांच्या अधिसूचनेनं जिल्हा समितीच्या वर विभागीय आयुक्तांची समिती पण आलीये, तिथंही जाता येतं.

ताई, तुझ्या वडिलांच्या फाइलमध्ये नामंजुरीचं पत्र आहे का? तारीख बघ आधी.

तोरणमाळवारा
नंदुरबारी दादा, पत्र कधी हातात दिलंच नाही, ग्रामपंचायतीत यादी लावली होती म्हणतात. दंडाच्या पावत्या आजीच्या पेटीत असतील, तिनं जपून ठेवल्यात. हे कॉलेजात कोणी शिकवलं नाही मला, वनहक्क कायदा सिलॅबसमध्ये दोन पानांत संपतो.

नंदुरबारी_वकील
पत्र दिलंच नाही म्हणजे कळवलंच नाही, मुदत कुठून धरायची हा मुद्दा मग तुझ्या बाजूचा. पावत्यांना हात लावू नको, लॅमिनेशन तर अजिबात करू नको. फोटो काढ फक्त.

एरंडोलकर
2019 ची गोष्ट आठवली यावरून. फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं दावे नामंजूर झालेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता आणि पंधरा दिवसांत, 28 फेब्रुवारीला, स्वतःच स्थगिती दिली. मधल्या दिवसांत यावल-चोपड्याकडच्या पाड्यांवर काय भीती होती ते मी पाहिलंय, माझी तिकडं नोकरी होती. लोक विचारायचे की पेरणी करायची का नाही. तेव्हा तालुक्याला एक जरी वकील असता जो पाड्यावर येऊन नीट समजावून सांगेल तर केवढा आधार झाला असता.

मुंबईतली_खान्देशी
अमळनेरची मी, मुंबईत एका संस्थेत वकील म्हणून काम केलं, आता स्वतःची प्रॅक्टिस आहे. 'दिल्ली-मुंबईला जा' हे उत्तर एवढं पण वाईट नाही म्हणून लिहितेय.

मोठ्या शहरात शिकायला मिळतं. लॉयर्स कलेक्टिव्ह 1981 पासूनची, ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क 1989 पासून, मुंबईत बायकांच्या केसेससाठी मजलिस, आणि टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा) 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून पोलिस ठाण्यात न् जेलात सोशल वर्कर ठेवून काम करतो. अशा ठिकाणी विद्यार्थी असताना इंटर्नशिप कर, नक्की कर. ड्राफ्टिंगची शिस्त लागते, हायकोर्टाची भीती जाते. धोरणाच्या कामात रस असेल तर पीआरएस या संसदेच्या कामावर संशोधन करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप असते, खासदारासोबत संसदेचं काम, कायदा बनतो कसा ते आतून दिसतं.

पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगते. एक म्हणजे बार कौन्सिलचा नियम 49. प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. संस्थेनं तुला पगारी कर्मचारी केलं तर सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवावी लागते, मग कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी रिटेनर म्हणून, म्हणजे नोकरीवर नाही तर ठरलेल्या फीवर घेतात. सही करायच्या आधी हे विचारायचं, लाजायचं नाही. दुसरं, संस्थांचं काम प्रोजेक्टवर चालतं, फंडिंग संपलं की तुझी जागा संपते, केसेस मात्र चालूच असतात. क्लायंटला काय सांगणार? मी ज्या संस्थेत होते तिथं हेच झालं आणि पुढची कितीतरी महिने मी त्या तारखा स्वतःच्या खिशातून केल्या कारण त्या बायका माझ्या तोंडाकडे बघून आल्या होत्या. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती.

तर माझं म्हणणं, जा, शीक, पण सनद आपल्या जिल्ह्यात वापर.

परीक्षार्थी
जज होण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली. त्यामुळे काकांना सांग की लगेच जज होता येणारच नाही, तीन वर्षं कोर्टात काढायचीच आहेत, ती लीगल एडच्या कामात काढली तर काय बिघडलं. आणि मला तर वाटतं जज होणं पण लोकहितच आहे. धडगाव-अक्कलकुव्याची परिस्थिती माहीत असलेला माणूस त्या खुर्चीत बसला तर जामिनाच्या अटी तरी माणसाला झेपतील अशा घालेल.

सनदेच्या फीचं पण सांगतो. आधी राज्याराज्यात हजारोंनी घेत होते, 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्यात 750 रुपये आहेत तर तेवढेच घ्या, अनुसूचित जाती-जमातीला 125. जास्त मागितले तर निकाल दाखव.

भरीतप्रेमी
125 रुपयांत सनद! आमच्याकडं तेवढ्यात सातबाऱ्याच्या झेरॉक्स पण होत नाहीत 😄 चांगलं केलं कोर्टानं.

कपाशीवाला
मी शेतकरी, पारोळा तालुका. वकील नाही तरी लिहितो. तुम्ही सगळे आदिवासी, जेल, बायका म्हणताय ते बरोबरच आहे, पण आमच्यासाठी कोण? बियाणं उगवलं नाही, बोंडच धरलं नाही, कंपनी म्हणते पाऊस कमी, दुकानदार म्हणतो तुम्ही खोल पेरलं. केळीवाल्यांचं विम्याचं तेच. एका हंगामाचं नुकसान म्हणजे वकिलाला द्यायलाही काही उरत नाही.

आमच्या गावात एका तरुण वकिलानं हे काम धरलं. त्यानं पहिली गोष्ट शिकवली की पाकीट फेकायचं नाही, लॉट नंबरचं लेबल आणि पक्की पावती जपायची, आणि उगवण दिसली नाही की लगेच कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार देऊन तालुका समितीचा पंचनामा करून घ्यायचा, पीक मोडल्यावर नाही. मग ग्राहक आयोगात केस. 2012 ला सुप्रीम कोर्टानं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या केसमध्ये सांगितलंय की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर आयोगात फी पण लागत नाही. तो पोरगा भरपाई मिळाली तरच आपली फी घेतो, आधी फक्त कागदाचा खर्च.

स्पष्टवक्ता_धुळे
कपाशीवाले भाऊ, काम चांगलं आहे, पण निकालाच्या टक्क्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. त्या पोराला सांगा फी आधी ठरवून घे, कमी ठेव, उशिरा घे, पण वाटा ठेवू नको. चांगल्या पोराची सनद असल्या गोष्टीवरून धोक्यात येऊ नये.

कपाशीवाला
टक्का नाही घेत तो, रक्कम ठरलेली असते, पैसे आल्यावर देतो आम्ही. तरी तुमचा निरोप पोचवतो. धन्यवाद.

आखाजी
बाई वकील म्हणून लिहिते, कारण हा धागा एका मुलीनं काढलाय आणि अजून कोणी त्या बाजूनं बोललेलं नाही.

धुळे जिल्ह्यात तालुका कोर्टात काम करते. सुरुवातीला सीनियर शोधताना खूप जपून शोध. काम शिकवणारा सीनियर आणि फक्त तारखा घ्यायला पळवणारा सीनियर यातला फरक एका महिन्यात कळतो, दुसऱ्याकडे राहू नको. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रक काढलंय की ज्युनियरला ग्रामीण भागात महिना निदान 15,000 आणि शहरात 20,000 द्यावेत. बंधनकारक नाही, सल्ला आहे, आणि तालुक्याला तेवढं देणारे मला माहीत नाहीत. पण बोलणी करताना तो आकडा माहीत असावा.

मी घरगुती हिंसाचाराच्या केसेसवर उभी राहिले. 2005 चा कायदा. बाई रात्री माहेरी आलेली असते, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिला पहिल्यांदा पोटगीपेक्षा घर हवं असतं, आणि मुलाचा शाळेचा दाखला हवा असतो. निवासाचा आदेश, दाखल्याचा आदेश, हे अर्जात स्पष्ट मागायचं, नाहीतर मिळत नाही. बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो हे तापीकाठ दादांनी वर लिहिलंच आहे, तरी मी आजही बायकांना दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभं केलेलं बघते तेव्हा जीव तुटतो.

पोट कसं भरलं? सकाळी हिंसाचाराच्या केसेस, दुपारी वारस दाखले, बक्षीसपत्रं, बँकेचे सर्च रिपोर्ट, म्हणजे कर्जाआधी जमिनीचे जुने कागद तपासून द्यायचे. बँकेच्या सर्चनं माझं घर चाललं आणि त्या पैशात बाकीची वकिली झाली. यात कमीपणा काही नाही.

तापीकाठ
आखाजीताईंचं शंभर टक्के बरोबर. सर्च रिपोर्टमुळे जमिनीचे कागद वाचायला येतात, फेरफार वाचता आला की आदिवासी जमिनीची फसवणूक पण पकडता येते. महसूल संहितेचं कलम 36अ, कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जात नाही. आणि 1974 चा जमीन परत देण्याचा कायदा. जुन्या फेरफारातली नोंद वाचता येणारा वकील तालुक्यात एक-दोनच असतो.

गिरणाथडी
जामिनाचं कोणीतरी सविस्तर लिहा ना, ताईनं जेलातल्या पोरांचं विचारलंय. मी पण लॉलाच आहे, तीन वर्षांच्या कोर्सला.

तापीकाठ
लिहितो. शिरपूरकडं एमपीची पोरं कामाला येतात, सेंधवा-बडवानीकडची. त्यातला एक चोरीच्या गुन्ह्यात धरला. जामीन झाला पंधरा हजारांचा, एक जामीनदार, स्थानिक. इथं त्याला ओळखतो कोण? मालक फोन उचलेना. जामिनाचा आदेश फाइलमध्ये आणि पोरगा जेलमध्ये. त्याचा भाऊ आला तो तिकडचा खसरा (जमिनीचा उतारा) घेऊन, तो इथं चालेना.

हे नवीन नाही. 1978 चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश वाच, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर. गवंडी होता तो, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदार नाकारला होता, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं करता येणार नाही. 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानं परत निर्देश दिले, जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलनं जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, महिन्यात बंधपत्र दिलं नाही तर कोर्टानं स्वतःहून अट सैल करायचा विचार करायचा, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको. आमच्याकडे तेव्हा एक लॉची विद्यार्थिनी पॅरालीगल (प्राधिकरणाची स्वयंसेवक) म्हणून येत होती, तिनं जेलातून यादी आणली आणि या पोराचं नाव तिनंच काढलं. अर्ज केला, जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सुटला. अर्ज दीड पानाचा होता.

शिवाय नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 479 मध्ये, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. ऑगस्ट 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जुन्या केसेसना पण लागू. कोण बसतं यात, हे मोजायला कोणीतरी जेलात जाऊन तारखा लिहून घ्यायला लागतं. हे काम विद्यार्थी करू शकतो.

तोरणमाळवारा
हे वाचून खरंच हुरूप आला. तापीकाठ दादा, पॅरालीगल म्हणजे आत्ता शिकत असताना होता येतं का? आणि एक शंका, मी पावरी बोलते, थोडी भिलोरी येते. मराठी ड्राफ्टिंग जमतं पण इंग्रजी कच्चं आहे. कॉलेजात इंग्रजीवाल्या मुलींसमोर मला वाटतं की हे क्षेत्र माझं नाही.

नंदुरबारी_वकील
पोरी, तुझ्याकडं जे आहे ते विकत मिळत नाही. माझ्यासमोर असे आरोपी उभे राहिलेत ज्यांना साक्षीदार काय बोलला ते कळलंच नाही, कोर्टानं विचारलं समजलं का, ते मान हलवतात. आरोपीला समजेल त्या भाषेत साक्ष सांगायला हवी हे कायद्यात आहे, पण पावरी येणारा माणूस लागतो ना. मी दुभाष्या म्हणून कोणाला तरी गावातून आणतो, तो अर्ध स्वतःच्या मनाचं सांगतो. तू थेट बोलशील. तालुका कोर्टात मराठी चालतं, इंग्रजी हायकोर्टासाठी, ते निकाल वाचून वाचून येतं. रोज एक निकाल, त्यातली तथ्यं मराठीत लिही. वर्षात फरक पडतो.

आखाजी
आणि डाकीण म्हणून त्रास दिलेली बाई तुला तिच्या बोलीत जे सांगेल ते मला कधीच सांगणार नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली केस उभी राहते ती तिच्या पहिल्या जबाबावर, तो जबाबच अर्धवट झाला की पुढं काही उरत नाही.

सालदाराचा_पोर
अहिराणीत लिहू का? ताई, तुन्हा धागा वाचीसन भलतं बरं वाटनं. आते मांगे फिरू नको.

माझे वडील सालदार होते. आखाजीला साल धरायचे, उचल घ्यायचे, ती फिटायची नाही, पुढच्या आखाजीला परत तिथंच. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे हे मला कॉलेजात कळलं. 1982 च्या एशियाडच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणतं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीच सक्तीची मजुरी. उसाच्या उचलीचं पण तेच, मुकादम बारडोलीला नेतो आणि हिशोब शेवटी करतो. यात कोर्टाआधी प्रांत आणि कलेक्टर येतात, त्यांना वेठबिगारीची तक्रार लेखी द्यायची. माझ्या वडिलांसाठी कोणी लिहिली नाही. तू लिहिशील म्हणून लिहितोय.

स्पष्टवक्ता_धुळे
मी वर कडू बोललो ते परत घेत नाही, पहिली तीन वर्षं पैशाची सोय लागतेच. पण सालदाराच्या पोराचं वाचून एवढं म्हणतो की माझ्या ऑफिसात दिवाणी आणि अपघात क्लेमचं काम भरपूर आहे, मला ज्युनियर लागतो. पंधरा हजार देईन. आठवड्यातले दोन दिवस तिनं लीगल एडला दिले तरी माझी ना नाही, बार कौन्सिलचा नियम 46 तेच सांगतो की गरिबाला मोफत मदत ही वकिलाची जबाबदारी आहे. सनद झाली की व्यक्तिगत मेसेज कर.

मुंबईतली_खान्देशी
स्पष्टवक्ते भाऊ, हे आधीच सांगायचं ना! मन जिंकलंत.

एरंडोलकर
जुन्या लोकांचं पण वाचून ठेव ताई. 1970 च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेनं गेलेल्या जमिनी परत मिळवायचा लढा दिला. नंतर सरदार सरोवरात अक्कलकुवा-धडगावची 33 गावं आली, मणिबेली पहिली. 2000 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल नर्मदा बचाव आंदोलनाच्या विरोधात गेला हे सगळे सांगतात, पण 1979 च्या नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात बुडिताच्या बदल्यात निदान दोन हेक्टर सिंचनाची जमीन आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब, हे लिहिलेलं होतं, आणि त्याच्या जोरावर लोक निकालानंतरही तक्रार निवारण प्राधिकरणापुढं एकेक घर मांडत राहिले. वकील किती होते आणि गावातली शिकलेली पोरं किती होती ते विचार तिकडच्यांना.

तापीकाठ
@तोरणमाळवारा, तुझा प्रश्न राहिला. हो, विद्यार्थी पॅरालीगल व्हॉलंटियर होऊ शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस असतं, सचिव हे न्यायाधीशच असतात, त्यांच्या नावानं अर्ज, सोबत कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र. ट्रेनिंग देतात, कामाच्या दिवसाचं थोडं मानधन मिळतं. पाच वर्षांच्या कोर्सला निदान 20 आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहेच, त्यातले काही इथं लाव. अर्जात 'समाजसेवेची आवड' लिहू नको, 'पावरी व भिलोरी बोलता येते, जेल भेटीसाठी उपलब्ध' असं लिही.

तोरणमाळवारा
अर्ज उद्याच टाकते. स्पष्टवक्ते काका, मेसेज करीनच, सनदेला अजून वेळ आहे पण सुट्टीत येऊन फाइली लावल्या तर चालेल का? घरी फोन केला होता. आजीच्या पेटीत पावत्या निघाल्या, एकीवर 1998 स्पष्ट दिसतंय, दुसरीवरची शाई गेलीये पण शिक्का आहे. नंदुरबारी दादा, शाई गेलेली चालेल का?

नंदुरबारी_वकील
चालेल. शिक्क्यावरून परिक्षेत्र कळतं, त्या वर्षाचं दंडाचं रजिस्टर माहितीच्या अधिकारात माग, त्यात तुझ्या आजोबांचं नाव निघेल. आणि यादी ग्रामपंचायतीत लावली होती म्हणतेस ना, तिची प्रत आणि ग्रामसभेचा ठराव पण त्याच अर्जात माग. सुट्टीत येशील तेव्हा शेजारच्या दावेदारांना पण सोबत घे, एकट्या घराचं अपील करण्यापेक्षा पाड्याची एकत्र करू.

गिरणाथडी
तीन वर्षांच्या कोर्सला इंटर्नशिप किती आठवडे? आणि जळगावच्या ऑफिसात मी अर्ज केला तर चालेल ना, मला अहिराणी येते फक्त.

तापीकाठ
12 आठवडे. ये की, अहिराणीवाले तर निम्मे पक्षकार आहेत. अकराच्या आत ये, नंतर साहेब डायसवर जातात.